नवीकोरी, पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या घाटाची: दहिसरच्या स्टुडिओतली भांडी

प्राचीन भांड्याची प्रतिकृती म्हटलं की आपल्याकडचा दुकानदार आधी तिच्यावर चॉकलेटी पॉलिश मारतो, मग काठाचा एखादा टवका उडवतो, वरून चिखलाचं पाणी फासतो आणि 'हडप्पा पीस आहे साहेब' म्हणून तिप्पट भाव सांगतो. दहिसरला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात एक बाई अशी भांडी बनवतात आणि त्यांचं काम याच्या बरोब्बर उलट आहे. त्यांची भांडी जुनी दिसतच नाहीत. कालच आव्यातून काढलेली दिसतात, आणि माझं म्हणणं असं की प्रतिकृती अशीच हवी, कारण त्या काळच्या कुंभाराने भांडं घडवून दुसऱ्याच्या हातात दिलं तेव्हा ते काही मळकं आणि फुटकं नव्हतं, नवंकोरं केशरी-लाल होतं आणि त्यावरच्या काळ्या रेघा ठसठशीत होत्या.

स्टुडिओचं नाव टाकत नाहीये. त्यांनीच नको सांगितलंय, एकटीचा हात आहे आणि दिवाळीपर्यंतच्या ऑर्डरी आधीच घेऊन ठेवल्यात. मी घेतलेल्या वस्तू: जोर्वे घाटाची तोटी असलेली झारी, त्याच घाटाचे दोन वाडगे, हडप्पा पद्धतीची भोकाभोकांची बरणी, उंच पायाची थाळी आणि एक काळी-लाल वाटी. सगळं स्वतःच्या पैशाने, डिस्काउंट मागितला होता, मिळाला नाही.

ज्यांना जोर्वे हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे, तिथं १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, आणि तिथल्या भांड्यांवरून आख्ख्या संस्कृतीला त्या गावाचं नाव पडलं. मग नेवासे, दायमाबाद, इनामगाव, जिथं जिथं खणलं तिथं तीच भांडी निघाली. शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव तर १९६८ पासून १९८३ पर्यंत खणत होते, शंभराहून जास्त घरं सापडली. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. म्हणजे लोखंडाच्या आधीचे, तांबं आणि दगडाची पाती वापरणारे, बार्ली-मसूर पिकवणारे आपल्याच नगर-पुण्याकडचे शेतकरी. शाळेत आपण हडप्पा-मोहेंजोदडो घोकून पाठ केलं आणि हे मात्र एका परिच्छेदात उरकलं, त्याचा मला अजून राग आहे, असो.

आता झारी. हीच खरी घेण्यासारखी वस्तू आहे म्हणून हिच्यावर जास्त लिहितो. गोल पोट, वर उंच गळा, काठ बाहेर वळलेला, आणि खांद्यापासून निघालेली बारीक नळीसारखी तोटी. कान नाही, मूठ नाही, गळ्याला धरूनच उचलायची. पोट चाकावर, तोटी वेगळी केलेली, मग पोटाला भोक पाडून ती चिकटवलेली. गळ्यातून बोट आत घातलं (माझं जेमतेम जातं) तर जोडाच्या कडेला मातीचा एक दाबलेला उंचवटा लागतो, तिथं त्यांनी आतून अंगठा फिरवून माती बसवलीये. साच्यात ओतलेल्या मालात हा उंचवटा सापडत नाही, तिथं आतून सगळं गुळगुळीत असतं. खांद्यावर दोन समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये शंकरपाळीच्या आकाराचे चौकोन, प्रत्येकात तिरप्या रेघा भरलेल्या. आता गंमत बघा, वरची रेघ भांड्याला पूर्ण फेरा मारून जिथून निघाली तिथंच यायला पाहिजे, पण ती तांदळाच्या दाण्याएवढी खाली उतरलीये आणि तिथं कुंचला परत टेकवून जोडून घेतलीये. तोटीच्या अगदी मागे, जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही तिथं. मी विचारलं मुद्दाम केलंत का, तर म्हणाल्या, "मुद्दाम कशाला करू, हात आहे माझा, उतरला."

नखाने टिचकी मारली की टण्ण वाजते. जोर्वे भांड्यांची कुठलीही माहिती वाचा, त्यात या धातूसारख्या आवाजाचा उल्लेख असतोच, कारण ते लोक भाजणीत पक्के होते. ही टेस्ट कुठलंही मातीचं भांडं घेताना करा, अगदी माठ घेतानाही. बद्द आवाज आला तर कच्चं भाजलंय नाहीतर कुठंतरी चीर गेलीये. माझी झारी वाजते, वाडगेही वाजतात, थाळी जरा कमी वाजते.

तिच्यातून ओतणं हा मात्र खरा शोध होता माझ्यासाठी. काचेच्या कपाटात ठेवलेली तोटी बघून काही कळत नाही. पाणी भरलं, गळ्याला धरून कलती केली, तर धार बारीक आणि लांब पडते, पेल्यात नेमकी जाते, आणि हात सरळ केला की धार कट होते, तोटीच्या खालून ओघळ येत नाही. आमच्या स्टीलच्या जगमधून ताक वाढताना अर्धं टेबलावर जातं, त्यापेक्षा हे शंभरपट बरं. पण पूर्ण भरली तर जड होते आणि गळ्याची पकड घसरायला लागते, त्यामुळे पाऊण भरायची. आईने आधी नाक मुरडलं, "अरे एवढ्या पैशात नळ लावलेले दोन माठ आले असते," आणि आता रोज जेवताना ताकाची झारी तीच वाढते, वर पाहुण्यांना सांगते की तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. कितीदा सांगितलं की तसं नाही.

रंगाबद्दल थोडं. लोकांना वाटतं जुनं भांडं म्हणजे धुरकट, डाग पडलेलं, वेडंवाकडं. जोर्वे तसं नाही. चाकावर केलेलं, पातळ भिंतीचं, सगळीकडून सारखं भाजलेलं. माती भाजताना भट्टीत हवा खेळती राहिली की मातीतल्या लोहामुळे लाल रंग येतो, हवा कोंडली की काळपट होतो, हे कुठल्याही कुंभाराला माहीत असतं. त्यामुळे सारखा लाल रंग म्हणजे भट्टीवर कंट्रोल. आता प्रश्न येतो की हवा खेळती असताना काळ्या रेघा काळ्या कशा राहतात, कारण नुसत्या लोहाचा रंग लावला तर तोही लाल होऊन बसेल. बाई त्यांच्या रंगात मँगनीज घालतात, ते हवेतही काळंच राहतं. रंग भाजायच्या आधी लावलाय त्यामुळे घासून जात नाही, मी काथ्याने घासून बघितलं. ऑनलाइन एका साइटवरून आधी मागवलेल्या 'हडप्पन पॉट'चा मोर पहिल्याच ओल्या फडक्याला पुसला गेला होता, ॲक्रेलिक होतं, आणि परत घेणार नाही म्हणाले कारण 'हँडमेड आयटम'.

त्यांच्याकडे दोन प्रकारची भाजणी मिळते. एक गाळ्यातली इलेक्ट्रिक भट्टी, साधारण ९०० डिग्रीची, आणि दुसरी धारावीच्या कुंभारवाड्यात ओळखीच्या कुटुंबाच्या भट्टीत चिंध्या-कापसाच्या जाळावर. जाळावरचे पीस सातआठशे रुपयांनी महाग, कारण त्यात तडकतात जास्त, आणि ज्वाला लागलेले काळे पट्टे येतात. फोटोत ते एकदम भारी दिसतात आणि बहुतेक लोक तेच उचलतात असं कळलं. माझं मत, जोर्वे घाटासाठी ते घेऊ नका. धूर लागलेला डाग म्हणजे अस्सलपणा नाही, जोर्व्याच्या कुंभाराने तो पीस बहुतेक बाजूला टाकला असता. पैसे वाचवा आणि इलेक्ट्रिकवालाच घ्या.

मी तिथं बसलो असताना एक जोडपं आलं होतं, इंटिरियरवाले असावेत, त्यातली ती म्हणाली, "मॅडम याला जरा अँटिक लुक द्याल का, थोडे क्रॅक वगैरे?" बाईंनी हात पुसत शांतपणे सांगितलं, "घेऊन जा आणि तीन हजार वर्षं थांबा, येईल आपोआप." ते जोडपं काही न घेता गेलं. धंद्याच्या दृष्टीने बरोबर की चूक मला माहीत नाही, पण अशी दुकानदारीण मला आवडते.

वाडग्यांबद्दल तक्रार आहे. घाट सुंदर आहे, बाजू काठापासून सरळ खाली येते आणि पोटाशी एकदम कोन करून आत वळते, तो कोन हाताला छान लागतो, तिथंच बोटं टेकतात. पण आतून पारदर्शक रोगण मारलंय. का, तर आधीच्या गिऱ्हाइकांनी तेलाचे डाग पडतात म्हणून आरडाओरडा केला. अहो मग मातीचं घेता कशाला! कच्च्या पोताच्या मातीत दही लावलं की ती जादाचं पाणी शोषून घेते आणि दही घट्ट लागतं, हे आपल्या आज्ज्यांना माहीत होतं, रोगण मारलं की हा फायदा गेला. आणि एका वाडग्याचं रोगण गरम वरण घातल्यावर बुडाशी पांढरं पडून सुटायला लागलं. पोटात काय गेलं देव जाणे. फोटो पाठवला तर लगेच फोन आला, बदलून देते म्हणाल्या, रोगण फूडग्रेड आहे असंही सांगितलं, पण मला बिनरोगणाचाच हवाय त्यामुळे नवीन लॉटची वाट बघतोय. झारीला आतून काही मारलेलं नाही, ती पाझरते, बाहेरून थेंब येतात, खाली ताटली ठेवा. पहिल्यांदा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची म्हणजे मातीचा वास कमी होतो. आणि फार गार पाण्याची अपेक्षा नको, पाझरलेलं पाणी उडून गेलं की भांडं थंड होतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ते उडतंच हळू. नागपूरला हीच झारी जास्त गार पाणी देईल.

हडप्पाच्या वस्तूंवर फार वेळ घालवत नाही. भोकाभोकांची बरणी छान आहे, संध्याकाळी आत पणती ठेवली की भिंतीवर ठिपके पडतात, घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. फक्त सोबतच्या कार्डावर 'हडप्पाचा दिवा' लिहिलंय ते चुकीचं आहे. अशी भोकं असलेली भांडी त्या सगळ्या शहरांत सापडतात पण ती कशासाठी होती यावर एकमत नाही, कोणी म्हणतं गाळणी, कोणी म्हणतं शेगडी, कोणी मद्याशी संबंध जोडतं. दिवा म्हणून वापरा हो, पण कार्डावर ठामपणे छापू नका. उंच पायाच्या थाळीवरची पिंपळपानं सुरेख काढलीयेत, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं मात्र हाताने काढल्यामुळे थोडी अंड्यासारखी झालीत आणि पाया टेबलावर किंचित डगमगतो, मी खाली फेल्टचा तुकडा चिकटवलाय.

कार्डांचं एकूणच काहीतरी करायला पाहिजे. सगळ्या वस्तूंच्या कार्डावर एकच वाक्य, 'पाच हजार वर्षांपूर्वीची कला'. हडप्पाची भरभराटीची शहरं इ.स.पू. २६०० ते १९०० मधली, म्हणजे तिथंही पाच हजार जरा ओढूनताणून, आणि जोर्वे तर त्याच्याही हजारेक वर्षांनी नंतरचं. ज्या बाईला रेघ कुठं उतरली ते माहीत असतं तिने छापील मजकूर कुणाकडून तरी उचलावा हे पटत नाही. सांगितलं मी. "पाचशे कार्डं छापून पडलीत, ती संपू देत," असं उत्तर मिळालं.

काळी-लाल वाटी घेऊ नका. आत आणि काठाला काळी, बाहेरून लाल, हा प्रकार विदर्भातल्या माहुरझरी, नायकुंडच्या शिळावर्तुळांमध्ये (म्हणजे भोवती दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांमध्ये) सापडतो, आणि भांडं पालथं घालून आत पालापाचोळा कोंडून भाजायचे असं साधारण मानतात. कल्पना चांगली आहे पण त्यांना ते अजून जमलेलं नाही, माझ्या वाटीत काळ्याच्या मध्ये तपकिरी ढग आलेत आणि लाल-काळ्याची सीमारेषा फिसकटलीये. सातशे रुपये गेले. त्या स्वतःही म्हणाल्या की यावर काम चालू आहे, मग विकायला का ठेवलीये ते विचारायचं राहिलं.

अजून एक वस्तू आहे जी मी जाणूनबुजून घेतली नाही. 'इनामगाव प्लांटर' म्हणून चार पायांचा छोटा रांजण, वीतभर उंचीचा, भोक पाडून झाड लावायला. ज्यांना माहीत आहे ते ओळखतील हा कुठला रांजण. इनामगावला पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात असाच चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण निघाला आणि त्यात चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाचा सांगाडा होता, बसवलेला. गावचा प्रमुख असावा असं मानतात. लहान मुलांना तर दोन घट तोंडाला तोंड लावून त्यात घालून घराच्या जमिनीखालीच पुरायचे, आणि अशा दफनांच्या सोबत झारी आणि वाडगे ठेवलेले सापडलेत, तेच जे मी ताकाला आणि दह्याला घेतलेत. झारी घरात वापरायचीही होती त्यामुळे तिचं मला काही वाटत नाही. पण रांजणात मनी प्लांट नको. ज्याला चालतं त्याने घ्यावा, घाट उत्तम साधलाय, फक्त काय घेतोय ते माहीत असू द्या, आणि हे कार्डावर लिहायला हवं होतं, ते मात्र नाही लिहिलंय.

सर्व्हिस. घरपोच देत नाहीत, कुरिअर करतात पण माझ्या मते स्वतः जाऊन आणा. पॅकिंग चांगलं असतं, भाताचा पेंढा आणि पुठ्ठा, प्लॅस्टिक जवळजवळ नाही, पण संध्याकाळी सहाची लोकल पकडून झारी आणायचा विचारही करू नका. दुपारी जा, चर्चगेटच्या दिशेला डबे रिकामे असतात, मांडीवर ठेवून दादरला आरामात येते. पावसाळ्यात त्या नवीन ऑर्डर घेत नाहीत, जून ते सप्टेंबर गाळ्यात भांडं सुकतच नाही, आणि ओलसर भांडं भट्टीत गेलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं, सोबत शेजारच्या चार भांड्यांना घेऊन जातं. घरीसुद्धा पावसाळ्यात मातीचं भांडं बंद कपाटात ठेवू नका, बुरशी धरते, उन्हाची तिरीप मिळाली की बाहेर काढा.

भाव: झारी २८०० रुपये, वाडगा ९०० ला एक, बरणी ३५००, थाळी २२००. स्वस्त नाही. पण झारीच्या एका पीसला वळणं, सुकवणं, तोटी जोडणं, रंगवणं, भाजणं मिळून किती दिवस जातात ते बघितल्यावर मला महाग वाटली नाही. थाळी महाग वाटली. मॉलमध्ये साच्यातला फ्लॉवरपॉट याच भावाला लोक घेतात आणि कुरकुर करत नाहीत, तेव्हा तुम्ही ठरवा.

एक गोष्ट त्यांनी फार शहाणपणाची केलीये. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी, भाजायच्या आधी, स्वतःची खूण आणि वर्ष कोरलेलं असतं, ते खरवडल्याशिवाय जाणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू धरतात आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिला एक झारी न्यायची होती, तर बाईंनी बिल, बनवतानाचे फोटो आणि बुडाचा फोटो असं सगळं दिलं, आणि शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ही पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र मिळतं तेही सांगितलं. 'अँटिक लुक'वाल्यांचा माल एअरपोर्टवर घेऊन जायची तर माझी हिंमत होणार नाही.

घ्यायच्या आधी खरी भांडी बघून या, म्हणजे भाव करताना तोंड उघडता येतं. जोर्वे नीट बघायचं तर पुण्याला येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा, आणि सिंधू संस्कृतीसाठी आपलं काळाघोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहेच. तिथं गेलात की दायमाबादची ब्राँझची जनावरंही बघा, ती वेगळीच गोष्ट आहे.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं: एकच घ्यायची तर झारी, इलेक्ट्रिक भट्टीवाली. भेट द्यायची तर बरणी, कारण सगळ्यांना आवडते. वाडगे घेणार असाल तर आतून रोगण नको हे ऑर्डर देतानाच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तोंडी सांगितलेलं त्या विसरतात.